मोरे ईल आणायची आहे : जात कोणती, टँक केवढा, झाकण कसलं?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी,

खाऱ्या पाण्याचा टँक आता मार्गी लागलाय. १२० × ५० × ५० सेंमी, म्हणजे ढोबळ ३०० लिटर. खाली सम्प (गाळणीची खालची टाकी), बरा स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र), भरपूर लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री खडक). आत क्लाऊनफिशची जोडी, एक फॉक्सफेस मासा, दोन क्लीनर श्रिंप (माशांची साफसफाई करणाऱ्या कोळंब्या) आणि चार-पाच हर्मिट क्रॅब. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट १५च्या आसपास.

आता मोरे ईलने, म्हणजे सापासारख्या लांब समुद्री माशाने, डोक्यात घर केलंय. निळी रिबन ईल बघितल्यापासून दुसरं काही सुचत नाही. पण एक जण म्हणतो रिबनच्या वाटेला जाऊ नकोस, स्नोफ्लेक घे. दुसरा म्हणतो गोड्या पाण्यातली मोरेही मिळते, ती सोपी. तिसऱ्याच्या मते ३०० लिटरमध्ये मोरे ठेवणं म्हणजे पाप. घरच्यांचा प्रश्न वेगळाच : ती सारखी आ वासून बसलेली असते, चावली तर?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आहे ते मासे आणि श्रिंप वाचले पाहिजेत, ही अट.

पाणकोंबडा

श्रिंप वाचले पाहिजेत आणि मोरेही पाहिजे. म्हणजे लग्नही करायचं आणि ब्रह्मचर्यही सांभाळायचं. :)

खुर्ची टाकून बसलोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

समुद्रफेस

रंग नंतर बघा, आधी दात बघा. ढोबळ मानाने मोरेचे दोन गट पडतात. काहींचे दात बोथट, दाढांसारखे. खेकडे, कोळंबी, शिंपले फोडून खाण्यासाठी. स्नोफ्लेक (एकिडना नेब्युलोसा) आणि झेब्रा (जिम्नोम्युरेना झेब्रा) या त्यातल्या. दुसऱ्या गटाचे दात सुईसारखे आणि आत वळलेले. त्या मासेखाऊ. टेसेलाटा, ड्रॅगन वगैरे देखण्या जाती बहुतेक इथेच सापडतात. तुमचे क्लाऊनफिश त्यांच्यासोबत ठेवणं म्हणजे त्यांना ताटात वाढणंच.

लांबीचं म्हणाल तर स्नोफ्लेक समुद्रात १ मीटरपर्यंत जाते, टँकमध्ये साधारण ६० ते ७५ सेंमीवर थांबते. तुमच्या ३०० लिटरमध्ये ती आयुष्यभर राहू शकते, पाप वगैरे काही नाही. झेब्रा स्वभावाने गाय, पण दीड मीटरपर्यंत वाढते. तिला १८० × ६० × ६०चा टँक लागतो, म्हणजे साडेसहाशे लिटर. टेसेलाटा ३ मीटरपर्यंत जाते. विकायला असतं ते बोटाएवढं जाड पिल्लू आणि लोक भुलतात. मोठी झाली की टँक बदलू, असं म्हणणाऱ्यांतले किती जण खरंच बदलतात ते आपण सगळे जाणतो.

गोल्डन ड्वार्फ मोरे जेमतेम २६ सेंमीची. पण क्वचित मिळते आणि दिवसदिवस खडकाबाहेर येत नाही.

श्रिंपचं : समुद्रात क्लीनर श्रिंप मोरेच्या तोंडात शिरून साफसफाई करतात हे खरं आहे. त्या भरवशावर तुमचे श्रिंप सोडू नका. काही टँकमध्ये वर्षभर सुखाने नांदतात आणि एके रात्री नाहीसे होतात. हर्मिट तर गेलेच समजा.

तोंड उघडझाप करते ती श्वासासाठी. इतर माशांसारखं कल्ल्यांवर हलणारं झाकण तिला नसतं, डोक्यामागे एक बारीक गोल भोक असतं. त्यामुळे तोंडाने पाणी ओढून मागून सोडावं लागतं. राग नव्हे तो.

चिंगळी

समुद्रफेस यांना अनुमोदन. गोड्या पाण्यातल्या मोरेचं मी सांगते. त्या नावाने विकली जाते ती बहुधा जिम्नोथोरॅक्स टाइल, खाडीतली. नदीमुखाशी, मचूळ पाण्यात राहणारी. गोड्या पाण्यात काही काळ तग धरते, म्हणून विकणाऱ्याचं फावतं. मग खाणं सोडते, कातडी खराब होते आणि लोक म्हणतात ईल नाजूक होती. तुमचा टँक खाराच आहे, तेव्हा तुम्हाला त्या भानगडीत पडायचं कारणच नाही.

आता मुद्द्याचं. स्नोफ्लेक रोगाने क्वचित मरते. ती मरते जमिनीवर. झाकणाचं काय केलंय तुम्ही? अख्ख्या पोस्टमध्ये स्किमर आहे, नायट्रेट आहे, झाकणाचा उल्लेख नाही.

भरतीओहोटी

@चिंगळीताई, झाकण सध्या नाहीच. उघडा टँक, वर लाइट टांगलेला. काच टाकेन, पाच मिमीची. पुरेल ना?

@समुद्रफेस, मनापासून आभार. पण रिबनचं काही बोलला नाहीत.

समुद्रफेस

रिबनवर मुद्दाम गप्प बसलो होतो. दिसायला अप्सरा आहे. पोरवयात काळी, नर झाली की निळी, पुढे मादी झाली की पिवळी. तुम्ही पाहिलीत ती निळी, म्हणजे नर. पण टँकमध्ये बहुतेक रिबन ईल खातच नाहीत. जिवंत मासा दिला तर एखादी धरते, मेलेल्या तुकड्याकडे ढुंकून बघत नाही, आणि काही महिन्यांत झिजून जाते. अनुभवी लोकही दहादा विचार करतात. पहिली मोरे म्हणून तर नकोच. घ्यायचीच झाली तर ती चिमट्यातून मेलेलं खाताना आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेऊ नये.

चिंगळी

काच पुरेल, पण काच *कुठे नाही* ते बघा. झाकण टाकलं की लोक निर्धास्त होतात, आणि पाइप आत जायला कोपऱ्यात ठेवलेली खाच तशीच उघडी असते. डोकं शिरलं की बाकीची ईल शिरते. तिला ना खांद्याचे पर, ना पोटाचे, ना खवले. अडायला काही नाहीच, वर सगळ्या अंगाला बुळबुळीत चिकट थर. रात्री लाइट बंद झाल्यावर ती पाण्याच्या रेषेलगत काचेच्या कडेकडेने नाक घासत एक पूर्ण फेरी मारते. नाकपुड्यांच्या दोन नळ्या पुढे, मागून डोकं. कोपऱ्याशी थांबते, वर ढकलून बघते, हललं नाही तर पुढचा कोपरा. आणल्यानंतरच्या पहिल्या काही रात्री हे हमखास बघायला मिळतं. तेव्हा झाकणावर वजन ठेवा नाहीतर क्लॅम्प लावा. अर्ध्या किलोच्या ईलमध्ये सुटी काच उचलण्याइतकी ताकद असते.

ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या वाटेच्या) दातऱ्यांवर जाळी हवी. तिथून खाली गेली तर सम्पमध्ये सापडते, बहुतेक वेळा जिवंत. पण सम्प उघडा असेल तर आगीतून फुफाट्यात. सम्पलाही झाकण करा.

खडकलागवड

काचेला माझा विरोध आहे. पूर्ण काच टाकली की पाण्याचा हवेशी संबंध तुटतो, कार्बन डायऑक्साइड अडकतो, पीएच खाली बसतो. उन्हाळ्यात तर टँकचा कुकर होतो. मोरेला खाल्ल्यावर ऑक्सिजन भरपूर लागतो. चौकट करून ६ मिमीची प्लास्टिक जाळी ताणून बसवा. हवा खेळती, बाष्पीभवनाने पाणीही थोडं थंड राहतं.

चिंगळी

जाळीला ना नाही, पण बागेतली पातळ जाळी नको. नाकाने सतत रेटून ती कडेला सैल होते. आणि नाक सोलवटतं ते वेगळंच. काच अधिक कडेला जाळीची एक पट्टी, हा मध्यममार्ग मला बरा वाटतो. स्किमर दणकट असेल तर हवेचा प्रश्न बराचसा तोच सोडवतो.

खडकलागवड

पट्टी किमान १० सेंमी रुंद ठेवा, आणि पृष्ठभाग हलता राहील असा एक पंप वरच्या बाजूला. मग मान्य.

बाय द वे, खडक वाळूवर रचलेत की तळाच्या काचेवर? मोरे खडकाखाली उकरते. वाळू सरकली की अख्खा डोलारा तिच्यावर किंवा काचेवर कोसळतो. खडक आधी तळावर, वाळू नंतर. बांधून किंवा इपॉक्सीने चिकटवून घेतले तर उत्तम.

सातवी_लाट

जरा वेगळा सूर लावतो. रागावू नका.

मोरेची पैदास घरच्या टँकमध्ये होत नाही. अंडी फुटल्यावर पारदर्शक, पानासारख्या चपट्या अळ्या निघतात आणि कित्येक महिने समुद्राच्या प्रवाहात भटकतात. ती अवस्था टँकमध्ये पार पाडणं अजून कुणाच्या आवाक्यात आलेलं नाही असं म्हटलं तरी चालेल. म्हणजे तुम्ही घ्याल ती ईल समुद्रातून उचललेली असणार. काही भागांत अजून सायनाइड फवारून मासे पकडतात, आणि असा मासा वरवर ठणठणीत दिसून पुढे काही आठवड्यांत मान टाकतो.

पाळूच नका असं माझं म्हणणं नाही. पण १०-१५ वर्षं सहज जगणारा प्राणी आहे हे आधी घरात सांगून ठेवा. आणि नकोशी झाली तर समुद्रात सोडायची नाही. अटलांटिकमध्ये लायनफिशने जो धुमाकूळ घातलाय, त्याचं मूळ हौशी लोकांच्या टँकमध्येच असल्याचं मानलं जातं.

पाणकोंबडा

सातवी_लाट, तुमच्याकडे स्वतःच्या दोन आहेत ना? ;)

सातवी_लाट

आहेत. म्हणून तर बोलतोय.

भरतीओहोटी

मुद्दा पटला. रिबन बाद. स्नोफ्लेकच. श्रिंप आणि हर्मिट एका मित्राच्या रीफ टँकमध्ये (कोरलच्या टँकमध्ये) जातील.

आता खाण्याचं सांगा. रोज द्यायचं का? काय द्यायचं? आणि फॉक्सफेसचं खाणं ती पळवेल का?

समुद्रफेस

रोज मुळीच नको. अति तिथं माती. पिल्लाला आठवड्यातून दोन-तीनदा, मोठीला एकदा किंवा दोनदा. कोळंबी, माकूळ, शिंपल्याचं मांस, खेकड्याचा तुकडा, मधूनच समुद्री मासा. तुकडा तिच्या डोक्यापेक्षा मोठा नको.

तेच ते खाऊ घालू नका, हे ठळक अक्षरात वाचा. काही माशांत आणि काही कोळंब्यांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. गोल्डफिश त्यात पहिल्या नंबरावर. महिनोन् महिने गोल्डफिशवर ठेवलेली मोरे आधी नेम चुकवायला लागते, मग वेडीवाकडी वळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबीही समुद्री माशाला मानवणारी नसते. खाणं आलटून पालटून, आणि आठवड्यातून एकदा तुकडा व्हिटॅमिनमध्ये बुडवून.

लांब चिमटा घ्या, टोकं बोथट. धातूचा असेल तर टोकावर सिलिकॉनची नळी चढवा. मोरेची नजर अधू असते, सगळा कारभार नाकावर. तुकडा पाण्यात धरला की पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही. मग खडकातून डोकं येतं, डावी-उजवीकडे हवेत चाचपडल्यासारखं फिरतं, तुकड्याला ओलांडून पुढे जातं, परत येतं. आणि मग झडप. पुष्कळदा तुकड्याऐवजी चिमट्यावर. म्हणूनच बोटं नकोत. ती मुद्दाम चावत नाही, पण कोळंबीचा वास लागलेलं बोट आणि कोळंबी यांत तिला फरक कळत नाही.

आणि हो, फॉक्सफेस शाकाहारी, त्याला वरच्या टोकाला शेवाळ द्या. त्याच्या पाठीच्या विषारी काट्यांमुळे त्याला तसंही कुणी छेडत नाही.

सातवी_लाट

झडपेचं निघालं म्हणून थोडं अवांतर. मोरेच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरलं की मागची जोडी घशातून पुढे सरकून ते पकडते आणि आत ओढते. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये हे दाखवून दिलं. बहुतेक मासे तोंड झटकन फाकवून पाण्यासकट भक्ष्य आत शोषतात. मोरेला शोषणं फारसं जमत नाही, म्हणून ही ओढायची सोय.

याचं दुसरं टोक चिंगळीताईंच्या झाकणाला जाऊन भिडतं. शोषून गिळायला पाणी लागतं, ओढून गिळायला लागत नाही. मेहतांनीच २०२१ मध्ये दाखवलं की स्नोफ्लेक उतारावरून कोरड्यावर येऊन तुकडा उचलते आणि पाण्यात न परतता तिथेच गिळते. ओहोटीच्या वेळी खडकावरचे खेकडे पकडणारी जात आहे ही. पाण्याबाहेर डोकावणं हा तिच्यासाठी अपघात नाही, धंदा आहे. पाणी खराब असेल किंवा पोट रिकामं असेल तर अधिकच.

आणखी एक गंमत. तांबड्या समुद्रात ग्रूपर मासा जायंट मोरेच्या बिळापाशी येऊन डोकं थरथरवतो आणि दोघं मिळून शिकारीला निघतात. रेदुआन बशारी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याची नोंद केली. मोकळ्या पाण्यातला मासा ग्रूपरचा, फटीत लपलेला मोरेचा.

पाणकोंबडा

शेवटच्या परिच्छेदासाठी दंडवत. आमच्याकडे असा पार्टनर मिळत नाही, डोकं थरथरवून पाहिलं.

नवाकोरा

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या नव्या स्नोफ्लेकने आल्यापासून काहीच खाल्लेलं नाही. पाइपमधून फक्त तोंड दिसतं. जबरदस्तीने भरवू का?

चिंगळी

नाही! हातही लावू नका. नवी मोरे दोन-तीन आठवडे उपाशी राहू शकते, तिला काही होत नाही. अमोनिया, नायट्राइट आणि सॅलिनिटी मोजा. १.०२५ च्या आसपास हवी, तापमान २४ ते २६. त्यात गडबड नसेल तर लाइट मंद करा आणि अंधार पडल्यावर पाइपच्या तोंडाशी कोळंबीचा तुकडा चिमट्याने नुसता धरून ठेवा. नाकावर आपटू नका. नाही घेतला तर काढून घ्या, टँकमध्ये सडू देऊ नका. आठवडा गेला तर एखादी जिवंत छोटी कोळंबी सोडून बघा. शिकारीची भूक जागी झाली की मेलेलंही घेते.

टँकमध्ये ट्रिगर किंवा पफर मासा आहे का? ते तिच्या शेपटीला टोचत असतील तर ती बाहेर येणारच नाही.

नवाकोरा

पफर आहे. तोच असणार, शेपटीला एक बारीक चावा दिसतोय.

चिंगळी

मग एकाला हलवा. पफरला हलवणं सोपं.

भरतीओहोटी

एक शंका. क्लाऊनवर समजा इच आलं, म्हणजे पांढरे ठिपके. तेव्हा मोरे टँकमध्ये असताना कॉपर (तांब्याचं औषध) टाकता येईल?

खडकलागवड

नाही. मोरेला खवले नाहीत, कॉपर तिला इतर माशांपेक्षा जास्त झोंबतं. शिवाय डिस्प्ले टँकमध्ये कॉपर टाकलं की लाइव्ह रॉक आणि वाळू ते शोषतात, पुढे तिथे कोळंबी-खेकडे-कोरल ठेवायची सोय उरत नाही. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये काढायचा, उपचार तिथे. मोरेवर ठिपके क्वचित दिसतात, तिचा तो चिकट थर बऱ्यापैकी राखण करतो. पण किडे टँकमध्ये असतातच, म्हणून नवा मासा आधी वेगळा ठेवणं हाच खरा उपाय. मोरेलाही. तिच्या क्वारंटाइन टँकलाही तेवढंच घट्ट झाकण! आत पीव्हीसीच्या दोन एल्बो टाका, अंग लपवायला जागा मिळाली की ती पटकन निवळते.

समुद्रफेस

पाण्याबद्दल एक. मोरे आठवड्यातून दोनदाच खाते, पण खाते तेव्हा बकाबका, आणि बाहेरही तसंच टाकते. ३०० लिटरसाठी लिहिलेला स्किमर पुरणार नाही, ५००-६०० लिटरचा बघा. दर दोन आठवड्यांनी १५-२० टक्के पाणी बदला. खाल्ल्यावर खडकाखाली उरलेला तुकडा शोधून काढा. हर्मिट गेल्यावर ते काम तुमच्याकडे आलं.

चावलीच तर हात झटकून ओढू नका, दात आत वळलेले असतील तर जखम फाटते. ती स्वतःहून सोडते. साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. समुद्री जिवाणूंचा संसर्ग, विशेषतः व्हिब्रिओचा, वाईट चिघळतो. स्नोफ्लेकचे दात बोथट, तरी दाखवाच.

भरतीओहोटी

ठरलं तर मग. स्नोफ्लेक, एकच. काचेचं झाकण अधिक १० सेंमी जाळीची पट्टी, चारही कोपऱ्यांना क्लॅम्प. सम्पलाही झाकण. ओव्हरफ्लोला जाळी. खडक उपसून तळावर रचतो, या सुट्टीत तेच काम. स्किमर मोठा. एक राहिलं : हीटर मुख्य टँकमध्येच आहे, मागच्या कोपऱ्यात खडकाआड. चालेल ना?

खडकलागवड

नाही. ऊब बघून ती त्यालाच वेटोळं घालून बसेल आणि कातडी भाजेल. सम्पमध्ये हलवा. जागा नसेल तर हीटरभोवती प्लास्टिकची गार्ड येते ती चढवा, आणि वायर जिथून बाहेर निघते तिथली खाच बुजवा.

चिंगळी

तीच ती खाच!